रक्त एकच, मग ब्लॉकेज तिथेच का?

१. टक्क्यांच्या आधीचा शब्द

उज्जैनमध्ये फ्रीगंजातल्या दवाखान्यातून असो की इंदूरच्या मोठ्या रुग्णालयातून, अँजिओग्राफीचा रिपोर्ट हातात पडला की घरच्यांची नजर आधी टक्क्यांवर जाते. सत्तर, ऐंशी, नव्वद. टक्क्यांच्या आधी एक छोटा शब्द असतो, त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. ‘प्रॉक्सिमल एलएडी, ८० टक्के’ असे लिहिलेले असेल, तर त्यातला ‘प्रॉक्सिमल’ म्हणजे उगमाजवळचा. हृदयाच्या डाव्या मुख्य धमनीला फाटा फुटतो, त्यातली एक शाखा हृदयाच्या पुढच्या बाजूने खाली उतरते, ती एलएडी. अडथळा त्या शाखेत आहे, आणि तोही फाट्याच्या जवळ, एवढी सगळी माहिती त्या एका शब्दात असते. सामान्य माणूस डॉक्टरांना पुढे जो प्रश्न विचारतो तो अगदी रास्त असतो: रक्त तर सगळ्या अंगात एकच फिरते, कोलेस्टेरॉल सगळीकडे तेवढेच, मग ब्लॉकेज नेमके इथेच का?

हा एका रुग्णाचा योगायोग नाही. चरबीचे थर धमन्यांमध्ये वाटेल तिथे आढळत नाहीत. हृदयाच्या धमन्यांचे फाटे, मेंदूकडे जाणारी धमनी मानेत जबड्याखाली दुभंगते ती जागा, पोटातली महाधमनी पायांकडे दोन वाटांनी वळते तो भाग, आणि धमन्यांच्या वळणांची आतली बाजू, एवढ्या ठिकाणी ते पुन्हा पुन्हा सापडतात. उलट, छातीच्या हाडामागून सरळ खाली जाणारी आतली स्तन-धमनी बहुतेक वेळा स्वच्छ राहते. बायपासच्या शस्त्रक्रियेत सर्जन पहिली पसंती तिलाच देतात, कारण ती वर्षानुवर्षे मोकळी राहते. माणूस तोच, रक्त तेच, आहारही तोच. फरक आहे तो रक्त कसे वाहते याचा.

या प्रकरणात मांडायचे ते एवढेच: रक्ताचा दाब धमनीच्या भिंतीत पाणी ढकलतो आणि हे सगळीकडे चालू असते. पण त्या पाण्याबरोबर काय आत शिरेल, किती शिरेल आणि कुठे अडकून पडेल, हे बरेचसे रक्ताच्या वाहण्याच्या ढंगावर ठरते. दाब आणि वाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत केली की ब्लॉकेजचे कोडे सुटत नाही.

२. नदीच्या वळणावरचा गाळ

क्षिप्रा उज्जैनच्या कडेने उत्तरेकडे जाते. रामघाटावरून पुढे मंगळनाथ आणि सिद्धवटाकडे जाताना ती वळणे घेत जाते. नदीच्या वळणाला दोन काठ असतात आणि त्यांचे नशीब सारखे नसते. बाहेरच्या काठाला प्रवाह जोरात घासतो, माती खरवडून नेतो. आतल्या काठाशी पाणी मंदावते, आणि तिथे गाळ साचून रेतीचा पट्टा तयार होतो. पाणी एकच, नदी एकच, पण एका काठाची झीज होते आणि दुसऱ्याची भर. धमनीच्या वळणातही असेच घडते. वळणाच्या बाहेरच्या बाजूने रक्त वेगाने जाते, आतल्या बाजूला ते रेंगाळते, आणि चरबीचे थर बहुधा या आतल्या बाजूलाच आढळतात. फाट्याच्या ठिकाणी प्रवाह ज्या टोकावर आदळून दुभंगतो ते टोक सहसा स्वच्छ असते. त्याच्या समोरच्या, बाहेरच्या भिंतीशी प्रवाह मंदावतो, भोवरे घेतो, क्षणभर उलटाही फिरतो. थर बसतो तो तिथे.

उपमा इथवर चांगली चालते. पुढे मात्र तीच दिशाभूल करते. नदीचा गाळ पात्राच्या तळावर वरून बसतो. धमनीतली चरबी अशी वरून बसत नाही. शवविच्छेदनात धमनी उभी चिरून पाहिली, तर सुरुवातीच्या अवस्थेत रक्ताच्या बाजूचे अस्तर अखंड दिसते. पिवळसर रेघा दिसतात त्या अस्तराच्या खाली, भिंतीच्या आत. म्हणजे चरबी आधी भिंतीत शिरली आणि तिथे अडकली. नळात साचणाऱ्या क्षाराचे चित्र डोक्यात असेल तर ते बाजूला ठेवलेले बरे. ब्लॉकेजचा खरा आरंभ नळीच्या पोकळीत होत नाही, नळीच्या भिंतीत होतो. त्यामुळे प्रश्नाचे रूपच बदलते. रक्तातून भिंतीत काही शिरते, तर ते कशाच्या जोरावर, आणि त्या शिरण्याशी प्रवाहाचा संबंध काय?

३. भिंत कोरडी नसते

धमनीची भिंत तीन थरांची असते. सर्वांत आत, रक्ताला लागून, पेशींचा एकपदरी थर असतो. त्याला आपण अस्तर म्हणू. त्याच्या खाली थोडी जागा, मग एक लवचिक पडदा, त्याला बारीक भोके. त्यापलीकडे स्नायुपेशींचा जाड थर, आणि सर्वांत बाहेर सैल पेशीजाल, ज्यात लसीकावाहिन्या आणि भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या असतात. रक्त या भिंतीवर सतत दाबाने रेटत असते. रक्तदाब १२०/८० असेल तर सरासरी दाब सुमारे ९३ मिलिमीटर पारा येतो. बाहेरच्या सैल थरात दाब जवळजवळ शून्य. आत एवढा जोर, बाहेर काही नाही, मग पाणी भिंतीतून बाहेरच्या दिशेने झिरपणारच. बाहेर पोचलेले पाणी लसीकावाहिन्या आणि बारीक रक्तवाहिन्या वाहून नेतात. केशवाहिन्यांतून पाणी कसे झिरपते याचा हिशेब अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये मांडला होता. जाड भिंतीच्या धमन्याही झिरपतात, हे लक्षात यायला बराच काळ जावा लागला.

किती झिरपतात, ते एका साध्या हिशेबाने पाहू. सशाच्या महाधमनीवर झालेल्या मोजमापांत भिंतीतून जाणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला एक सेंटिमीटरचा सुमारे एक ते पाच दहालक्षांश भाग येतो. मधला आकडा, तीन दहालक्षांश, धरू. तासाला ३,६०० सेकंद. गुणाकार केला तर तासात पाणी जेमतेम एक दशांश मिलिमीटर पुढे सरकते. एक चौरस सेंटिमीटर भिंतीतून दिवसभरात सुमारे पाव मिलिलिटर, म्हणजे पाचेक थेंब पाणी जाते. अगदीच किरकोळ! कोणी विचारील, एवढ्या थेंबांची कसली काळजी? पण ही झिरपण एका दिवसाची नाही, ती जन्मापासून अखंड चालू असते. शिवाय त्या पाण्याबरोबर रक्तातले इतर पदार्थही भिंतीत येतात. रोज थोडेसेच आत आले आणि त्यातले थोडेसेच मागे राहिले, तरी तीस-चाळीस वर्षांत त्याचा थर होतो.

मागे राहण्याचे कारण भिंतीच्या रचनेतच आहे. कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एलडीएल हा कण सुमारे २० ते २५ नॅनोमीटर व्यासाचा असतो. एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर मावतात, म्हणजे कण अतिसूक्ष्मच. पण पाण्याच्या रेणूपुढे तो प्रचंड मोठा. अस्तराच्या पेशी एकमेकींना जिथे घट्ट चिकटलेल्या असतात, तिथल्या फटीतून पाणी जाते, एलडीएल सहजासहजी जात नाही. मात्र एखादी पेशी विभागत असेल किंवा मरत असेल, तर तिच्या कडेची पकड काही काळ सैल होते आणि फट रुंदावते. अशी सैल पेशी हजारोंत एखादीच असते. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधले शेल्डन वाइनबाम आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या दशकात गणिताने दाखवले, की एवढ्या थोड्या सैल जागासुद्धा एलडीएल आत येण्यासाठी पुरेशा ठरतात. आत आलेले पाणी लवचिक पडद्याच्या भोकांतून पुढे निघून जाते. एलडीएलचा मोठा कण मागे रेंगाळतो, तिथल्या तंतूंना चिकटतो, त्यात रासायनिक बदल होतात. मग भक्षकपेशी येऊन तो गिळतात आणि चरबीने फुगून तिथेच राहतात. पाणी पुढे, चरबी मागे: पहिला पिवळा ठिपका असा तयार होतो. काही एलडीएल पेशीच्या पोटातून, लहान पिशव्यांत बसूनही पलीकडे जाते, आणि कोणत्या वाटेने किती जाते यावर अभ्यासकांत अजून वाद आहेत. पण कुठल्याही वाटेने जायचे तरी अस्तर ओलांडावेच लागते. म्हणून अस्तराची स्थिती महत्त्वाची.

४. दाब आणि ओढ

वाहते रक्त भिंतीवर दोन प्रकारचे बळ लावते. एक भिंतीला काटकोनात, बाहेरच्या दिशेने रेटणारे. तो दाब. दुसरे भिंतीच्या पृष्ठभागावरून प्रवाहाच्या दिशेने घासत जाणारे. भौतिकशास्त्रात त्याला कर्तन-प्रतिबल म्हणतात. आपण त्याला ओढ म्हणू. भिंतीला अगदी लागून असलेला रक्ताचा थर जवळजवळ स्थिर असतो, नळीच्या मधला थर जोरात जातो. मधल्या अंतरात वेग किती झपाट्याने वाढतो आणि रक्त किती दाट आहे, या दोहोंवर ओढ ठरते. प्रवाह भिंतीजवळ झपाट्याने वेग घेत असेल तर ओढ जास्त. तो रेंगाळत असेल तर ओढ कमी. प्रवाह उलटसुलट होत असेल तर ओढीची दिशाही क्षणाक्षणाला बदलते.

आता दोन्ही बळे शेजारी ठेवू. शंभर मिलिमीटर पाऱ्याचा दाब म्हणजे सुमारे १३,३०० पास्कल, पास्कल हे दाब मोजायचे एकक. निरोगी धमनीतली ओढ साधारण एक ते दोन पास्कल. म्हणजे ओढ दाबापेक्षा हजारो पटींनी लहान. इथे पहिला आक्षेप उभा राहतो: इतके क्षुल्लक बळ भिंतीत पाणी किती जाईल हे कसे ठरवील? ढकलण्याचे काम तर दाबच करतो. आक्षेप बळाच्या हिशेबाने बिनतोड आहे. पण तो भिंतीला निर्जीव मानतो. ओढ पाण्याला ढकलतच नाही. ती अस्तराच्या जिवंत पेशींना जाणवते, आणि त्या पेशी आपली वागणूक बदलतात.

ओढ किती बदलू शकते, याचाही छोटा हिशेब करू. एका धमनीची त्रिज्या दोन मिलिमीटर आहे. तेवढेच रक्त एक मिलिमीटर त्रिज्येच्या नळीतून जायला लागले, तर नळीचा छेद चौथा हिस्सा होतो, म्हणून वेग चौपट होतो. शिवाय मधून भिंतीपर्यंतचे अंतर निम्मे होते, म्हणून भिंतीजवळची वेगवाढ आणखी दुप्पट. चौपट गुणिले दुप्पट, ओढ आठपट. रुंदीत थोडा फरक पडला तरी ओढीत मोठा फरक पडतो. पेशींच्या दृष्टीने हे सोयीचे आहे, कारण नळी योग्य आकाराची आहे की नाही हे कळायला ओढीइतके नाजूक माप दुसरे नाही.

५. अस्तराला ओढ कळते

हे नुसते तर्काने म्हटलेले नाही. डायलिसिसवर असलेल्या रुग्णाच्या हातात सर्जन ‘फिस्टुला’ करतात, म्हणजे धमनी थेट शिरेला जोडतात. जोडताच त्या धमनीतून जाणारे रक्त कितीतरी पटींनी वाढते. पुढच्या काही आठवड्यांत-महिन्यांत शीर तर जाडजूड होतेच, पण तिला रक्त आणणारी धमनीही रुंद होते. हात लावला तर तिथे सतत थरथर जाणवते. तिचा दाब वाढलेला नसतो, वाढलेला असतो प्रवाह. जपानमधल्या अकिरा कामिया आणि तात्सुओ तोगावा यांनी १९८० मध्ये कुत्र्यांच्या मानेतल्या धमनीवर हेच मोजून दाखवले. प्रवाह वाढवल्यावर धमनी काही महिन्यांत इतकी रुंदावली, की ओढ पुन्हा जवळजवळ पहिल्या पातळीवर आली. म्हणजे धमनी ओढ मोजते आणि ती ठरलेल्या पातळीवर ठेवायला स्वतःचा आकार बदलते.

मोजणारा कोण, हे त्याच वर्षी दुसऱ्या वाटेने पुढे आले. अमेरिकेत रॉबर्ट फर्चगॉट आणि जॉन झवाडझ्की सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर अॅसिटिलकोलीन या रसायनाचा परिणाम पाहत होते. काही पट्ट्या त्याने सैल पडत, काही आवळत. फरक इतकाच निघाला की आवळणाऱ्या पट्ट्यांचे अस्तर तयारीच्या वेळी घासून निघालेले होते. अस्तर शाबूत असेल तर ते एक संदेश देते आणि स्नायू सैल होतो. हा संदेश म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू, हे पुढे सिद्ध झाले. फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद यांना त्यासाठी १९९८ चे नोबेल मिळाले. रक्ताची ओढ वाढली की अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडते, आणि धमनी रुंदावते.

ओढीचा ठसा पेशींच्या आकारावरही उमटतो. धमनीच्या अस्तरावर सिल्व्हर नायट्रेटचा हात दिला की पेशींच्या कडा काळ्या रेघांनी उठून दिसतात. सरळ भागात, जिथे प्रवाह एकाच दिशेने सलग जातो, तिथे पेशी लांबट आणि प्रवाहाच्या दिशेने ओळीत लागलेल्या असतात. फाट्याच्या बाहेरच्या भिंतीशी, जिथे रक्त रेंगाळते आणि मागेपुढे होते, तिथे त्या गोलसर आणि विस्कळीत दिसतात. अशा ठिकाणी पेशींचे विभागणे आणि मरणे जास्त चालते. विभागणारी आणि मरणारी पेशी हीच तर सैल फट! तिसऱ्या विभागातली सैल जागा आणि इथली मंद ओढ यांची गाठ इथे पडते.

६. एक खरा आक्षेप

आतापर्यंतचे चित्र सरळ वाटते: मंद ओढ वाईट, जोरदार ओढ चांगली. पण एक प्रयोग या सरळपणाला धक्का देतो, आणि तो लपवून पुढे जाणे बरोबर नाही. पेन्सिल्वेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत जॉन टार्बेल यांच्या गटाने १९९५ मध्ये गाईच्या महाधमनीतल्या अस्तरपेशी गाळणीसारख्या पडद्यावर वाढवल्या. वरून द्रव फिरवून त्यांना ओढ दिली, आणि थरातून किती पाणी जाते ते मोजले. ओढ दिल्यावर काही तासांत पाण्याची वाट कितीतरी मोकळी झाली. म्हणजे जिथे ओढ जास्त तिथे भिंतीत पाणी जास्त जायला हवे. मग चरबी तिथे का साचत नाही? उलट व्हायला नको का?

याचे उत्तर तीन पायऱ्यांनी देता येते. पहिली, पाणी जाणे आणि एलडीएल जाणे ही एकच गोष्ट नव्हे. घट्ट सांध्यांतून पाणी जास्त गेले तरी मोठा कण मागेच राहतो. तो आत येतो प्रामुख्याने सैल फटींतून किंवा पेशीच्या पिशव्यांतून. तेव्हा पाण्याची वाट मोकळी होणे म्हणजे चरबीची वाट मोकळी होणे नव्हे. दुसरी पायरी वेळेची. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या पीटर वाइनबर्ग यांच्या गटाने २०१० मध्ये डुकराच्या महाधमनीतल्या पेशींना ओढ दिली, थोड्या वेळासाठी आणि अनेक दिवस, अशी वेगवेगळी. थोड्या वेळाच्या ओढीने मोठ्या रेणूंना अस्तर जास्त मोकळे झाले. तीच ओढ दिवसेंदिवस चालू ठेवली, तेव्हा ते पूर्वीपेक्षा घट्ट झाले. धमनीत तर ओढ जन्मभर असते. एका तासाच्या प्रयोगाचा निकाल चाळीस वर्षांच्या धमनीला जसाच्या तसा लावता येत नाही.

तिसरी पायरी भिंतीच्या तोंडाशी काय घडते याची. पाणी भिंतीत शिरते आणि एलडीएल बाहेर राहते, तेव्हा भिंतीच्या पृष्ठभागाशी एलडीएलचे प्रमाण थोडे वाढते. ही कल्पना जपानमधल्या ताकेशी कारिनो यांच्या गटाने पुढे नेली. त्यांच्या गणितात ही वाढ लहानच निघते, काही टक्क्यांची. पण प्रवाह जोरात असेल तर साठलेले कण लगेच पुढे वाहून जातात, आणि तो रेंगाळत असेल तर ते भिंतीच्या दारात थांबतात, नेमके तिथे जिथे अस्तर सैल आहे. तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की विसंगती उरत नाही: जोरदार आणि सलग ओढीखाली भिंतीतून पाणी जास्त जाईल, पण ते स्वच्छ पाणी असेल. मंद आणि डळमळीत ओढीखाली पाण्याबरोबर चरबीचे कण येतील.

यावरही कोणी म्हणेल, की काचेच्या भांड्यातल्या पेशी म्हणजे शरीर नव्हे. बरोबर आहे. भांड्यात दाब, प्रवाह, खालचा थर, सगळे कृत्रिम असते. पण भांड्यातला निकाल आणि शवविच्छेदनात दिसणारा चरबीचा नकाशा, दोन अगदी वेगळे पुरावे, एकाच दिशेने बोट दाखवतात. भांड्यातले प्रयोग कारण सुचवतात, आणि नकाशा ते तपासून पाहतो.

७. दोन तज्ज्ञ, दोन निष्कर्ष

नकाशावरून झालेला वाद या विषयातला सर्वांत गाजलेला. अमेरिकेतले डोनाल्ड फ्राय यांनी १९६८ मध्ये कुत्र्यांच्या महाधमनीत प्रवाहाची वाट मुद्दाम अरुंद करून ओढ खूप वाढवली. ती सुमारे ४० पास्कलजवळ गेली, म्हणजे नेहमीच्या वीस-तीसपट, तेव्हा अस्तराच्या पेशी फाटू लागल्या. निष्कर्ष निघाला की जास्त ओढ भिंत बिघडवते. पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, लंडनमधले कॉलिन कॅरो आणि त्यांचे सहकारी यांनी माणसांच्या धमन्यांचा नकाशा तपासला आणि नेमके उलटे सांगितले: चरबीचे सुरुवातीचे थर ओढ कमी असलेल्या जागीच दिसतात. दोघेही चुकीचे नव्हते. फ्राय यांनी पाहिलेली ओढ निरोगी धमनीत सहसा उद्भवतच नाही. ती पेशी फाडण्याची मर्यादा होती. कॅरो यांनी पाहिली ती रोजची परिस्थिती. पुढे १९८० च्या दशकात शिकागोत सेमूर ग्लागोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानेतल्या धमनीच्या फाट्यावरचा प्रवाह प्रतिकृतीत पाहिला, शवातल्या थरांशी त्याची तुलना केली, आणि कॅरो यांच्या बाजूने तागडी झुकली. ओढ कमी असून भर म्हणून तिची दिशाही मागेपुढे होत असेल, तिथे थर सर्वांत जाड होता. हृदयाच्या धमन्यांत हे अधिक होते, कारण हृदय आकुंचन पावताना त्यांतला प्रवाह अडखळतो आणि सैल पडताना सुटतो. अशी उलथापालथ दिवसाला लाखभर वेळा होते.

८. मग दाबाला काही किंमत नाही का?

इथे दुसऱ्या टोकाला जाण्याचा मोह होतो: सगळा दोष प्रवाहाचा, दाब नुसता बघ्या. हेही खरे नाही, आणि त्याचा पुरावा आपल्याच फुप्फुसात आहे. फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीतून दर मिनिटाला शरीराइतकेच रक्त जाते. तिलाही फाटे आहेत, वळणे आहेत, आणि रक्तातले एलडीएलही तेवढेच. पण तिथला सरासरी दाब जेमतेम १५ मिलिमीटर पारा, शरीराच्या मोठ्या धमन्यांच्या सहाव्या हिश्श्याचा. त्या धमनीत चरबीचे थर क्वचित दिसतात. फुप्फुसाचा दाब आजाराने बराच वाढला, तर तिथेही ते दिसू लागतात. म्हणजे प्रवाहाने जागा निवडली तरी पाणी ढकलणारा जोर नसेल तर फारसे काही घडत नाही. दाबाचा परिणाम सरळ गुणाकाराने होतो असेही नाही. दाब वाढला की भिंत दाबली जाते, तिच्यातली जागा आवळते, आणि पाणी दाबाच्या प्रमाणात वाढत नाही. पण वाढलेल्या दाबाखाली एलडीएल सैल फटीतून आत जास्त ढकलले जाते, आणि आत अडकलेले बाहेर निघणे अवघड होते.

म्हणून दाब कमी करण्याचे औषध हे निव्वळ आकड्यासाठी नसते. या औषधांच्या इतिहासात मुंबईचे एक नाव अभिमानाने घ्यावे असे आहे. डॉ. रुस्तम जल वकील यांनी मुंबईत सर्पगंधाच्या मुळांचा उच्च रक्तदाबावर अभ्यास करून तो १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. मध्य भारतात आणि इतरत्र पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या जाणाऱ्या या वनस्पतीला आधुनिक वैद्यकात त्यामुळे जागा मिळाली. १९५२ मध्ये तिच्यातला रिसर्पीन हा घटक वेगळा काढण्यात आला, आणि १९५७ मध्ये वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. आज रिसर्पीन फारसे वापरले जात नाही, अधिक चांगली औषधे आली आहेत. पण ढकलणारा जोर कमी करायचा, हे तत्त्व तेच राहिले आहे.

९. यातून हाती काय लागते?

आता रिपोर्टातल्या त्या शब्दाचे उत्तर देता येते. ‘प्रॉक्सिमल’ जागी ब्लॉकेज झाले, कारण तिथल्या फाट्याशी प्रवाह रेंगाळतो, ओढ मंद आणि डळमळीत होते, अस्तराच्या पेशी वारंवार बदलत राहतात, त्यांच्या कडा सैल पडतात, आणि सगळीकडे सारखाच असलेला दाब तिथल्या फटींतून एलडीएल आत सारतो. एवढ्या घटकांपैकी एकही एकटा पुरेसा नाही. आणि म्हणूनच उपाय एकमेकांच्या जागी चालत नाहीत. रक्तदाबाची गोळी ढकलणारा जोर कमी करते. स्टॅटिन रक्तातले एलडीएल घटवते, म्हणजे फट सैल असली तरी आत शिरायला कमी कण उरतात. नियमित चालण्याने त्या वेळेपुरता प्रवाह वाढतो, धमन्यांवरची ओढ वाढते आणि अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडते. धूम्रपान अस्तरालाच इजा करते, म्हणून बाकीचे सगळे नीट असूनही त्याची किंमत मोजावी लागते. ‘माझी गोळी चालू आहे, मग चालायला कशाला जाऊ?’ या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे: गोळी आणि चालणे दोन वेगवेगळी कामे करतात.

स्टेंटबद्दलही हेच लक्षात घ्यावे. स्टेंट एका अरुंद झालेल्या जागी रक्ताची वाट उघडतो, आणि हृदयविकाराच्या झटक्यात तो जीव वाचवतो. पण तो भिंतीत पाणी आणि चरबी कशी शिरते ते बदलत नाही. त्याच माणसाच्या अंगात मानेतला फाटा आहे, पोटातल्या महाधमनीचा फाटा आहे, हृदयाच्या इतर धमन्यांची वळणे आहेत. तिथे तेच रक्त, तोच दाब आणि तशीच मंद ओढ आहे. धमन्यांचे फाटे आणि वळणे आपण बदलू शकत नाही, ती जन्मतःच ठरलेली असतात. बदलता येतात ते दाब, रक्तातले कण आणि अस्तराची तब्येत. स्टेंट बसवून घरी आलेल्या माणसाची औषधे, चालणे आणि पथ्य का सुटू नये, याचे कारण स्टेंटच्या जागेत नाही, बाकीच्या सगळ्या फाट्यांत आहे.